वांद्र्याच्या कोर्टासाठी वकील कसा बघावा

प्रश्न भांडुपच्या एका ताईंचा आहे. धाकटी बहीण आठ महिन्यांपासून माहेरी आहे, पाच वर्षांचा मुलगा तिच्याजवळ, नवरा नाशिकला, लग्नाला सात वर्षं झाली. घरच्यांनी तीन वकील पाहिले. एक भांडुपचेच, वडिलांच्या ओळखीतले. दुसऱ्यांचं ऑफिस फोर्टला, त्यांनी दीड लाख आगाऊ मागितले. तिसरे मोबाइलवर शोधताना सापडले आणि 'सहा महिन्यांत घटस्फोट, गॅरंटी' म्हणाले. यांतला कोणता करावा, आणि वकील चांगला आहे हे आपल्यासारख्यांना कळावं कसं, असं त्या विचारतात.

मी वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात बावीस वर्षं वकिली करते आहे. उत्तर थोडं लांबेल.

ताई, आधी तिसऱ्यांचं बघू, ते सोपं आहे. सहा महिन्यांचा आकडा येतो तो परस्पर संमतीच्या घटस्फोटातून. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे अर्ज करण्याआधी नवरा-बायको किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. मग दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि त्यानंतर सहा महिने थांबायचं. हा थांबा कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सांगितलं. पण तेही सरसकट नाही. वेगळं राहून बराच काळ गेलेला हवा, पोटगी आणि मुलाचं सगळं मिटलेलं हवं, पुन्हा एकत्र येण्याची आशा उरलेली नको. तुमची बहीण आठच महिने वेगळी आहे. नवरा संमती देईल की नाही, याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे या वकिलांनी गॅरंटी देण्याआधी 'किती दिवस वेगळे आहात' आणि 'समोरचा तयार आहे का' हे दोन साधे प्रश्नही विचारले नाहीत. खरं तर तिसराही विचारायला हवा होता: नाशिकच्या घरात असतानाच तुमचा संसार थांबला होता का? कारण वेगळं राहणं म्हणजे घर वेगळंच पाहिजे असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायकोचं नातं थांबलेलं असेल तर कोर्ट तो काळ धरू शकतं. बहिणीच्या फायद्याची गोष्ट कदाचित तिथेच होती, पण विचारलं तर कळणार ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वकील काय सांगतो यापेक्षा काय विचारतो यावर लक्ष ठेवा. आश्वासन कुणालाही देता येतं. नेमका प्रश्न मात्र ज्याने ते काम शंभरदा केलंय त्यालाच सुचतो.

हे मी स्वतः ठेच लागून शिकले. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक वडील मुलीला घेऊन आले. बोलले सगळं वडीलच. मी घटस्फोटाचा दावा टाइप करून घेतला, मुलीने सही केली, दावा दाखल झाला. पुढे कोर्टाच्या समुपदेशकांच्या खोलीत, जिथे वकील नसतो, त्या मुलीने सांगितलं की मला नवरा हवाय, फक्त सासूपासून वेगळी खोली हवी आहे. मी दीड तास त्यांच्याशी बोलले होते आणि तिला एकटीला एक प्रश्नही विचारला नव्हता. ताई, तुमच्या पत्रात वडील काय म्हणतात, मामा काय म्हणतात, हे आहे. बहीण काय म्हणते हे कुठेच नाही. जो वकील पहिल्या भेटीत 'तुम्ही सगळे जरा बाहेर बसा, मला हिच्याशी बोलायचंय' म्हणेल, त्याचं नाव यादीत वर घ्या.

आता वकील कुठला हवा ते काम कुठलं आहे यावर ठरतं. एकाच संसाराच्या भांडणासाठी मुंबईत तीन-चार दारं आहेत. घटस्फोट, नांदायला येण्याचा दावा, पोटगी, मुलाचा ताबा हे सगळं कुटुंब न्यायालयात, म्हणजे वांद्र्याला बीकेसीत, वांद्रे-कुर्ला संकुलात. हे कोर्ट १९८९ पासून आहे. इथे दाव्यांना अक्षरं असतात. भांडणाचा घटस्फोट 'ए', मुलाचा ताबा 'डी', पोटगीचा अर्ज 'ई', संमतीचा घटस्फोट 'एफ'. कॉरिडॉरमध्ये 'माझी ए लागलीय, एफ करून टाकू म्हणतात' असं कुणी म्हणालं तर भांडण मिटत आलंय असं समजायचं. मारहाण किंवा घरातून काढणं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तिथे संरक्षण, राहायला जागा आणि खर्च हे तिन्ही मागता येतं. सासरच्या छळाची पोलिसांतली तक्रार, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. अपील आणि गुन्हा रद्द करून घेणं ही कामं फोर्टला, उच्च न्यायालयात.

बहीण सध्या भांडुपला राहते, म्हणून तिला वांद्र्यात दावा करता येतो. बायकोला ती राहते तिथे घटस्फोटाचा दावा करायची मुभा २००३ च्या दुरुस्तीने मिळाली. पोटगीचंही तसंच. (मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे राहत असतात तर ठाण्याचं कोर्ट लागलं असतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'मुंबईच आहे की' म्हणत लोक घोडबंदरहून थेट वांद्र्याला येतात.) पण नवऱ्याने नाशिकला आधीच दावा टाकला असेल तर तो इथे आणण्यासाठी उच्च न्यायालयात बदलीचा अर्ज करावा लागतो, आणि ते काम वेगळं. म्हणून 'नाशिकहून काही समन्स, नोटीस, व्हॉट्सअॅपवर एखादा पीडीएफ आलाय का' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा. तुमच्या तिघांपैकी कुणी विचारला का?

भांडुपचे की फोर्टचे, याचं उत्तर यातच आहे. वकिलाचं ऑफिस तुमच्या घरापासून किती लांब आहे याला फारसं महत्त्व नाही. तो आठवड्यातून किती वेळा वांद्र्याच्या कोर्टात असतो, हे महत्त्वाचं. भांडुपचे वकील मुख्यतः भाडेकरूंची आणि सोसायटीची कामं करत असतील तर ओळखीपोटी त्यांना या कामात ओढू नका. तेही अवघडतात, तुम्हीही. त्यात ओळखीच्या माणसाला फीबद्दल विचारता येत नाही आणि बदलताही येत नाही. फोर्टच्या ऑफिसचा बोर्ड मोठा असेल, पण वांद्र्याच्या तारखेला कोण उभं राहणार हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी ज्युनियर येतो आणि त्यात वाईट काही नाही, तुमची फाइल त्याने वाचलेली असली म्हणजे झालं. त्या ज्युनियरलाच समोर बोलवायला सांगा आणि पाच मिनिटं त्याच्याशी बोला.

अजून एक करता येईल. एखाद्या दिवशी सकाळी अकराच्या आधी वांद्र्याला या. आता मेट्रो ३ चं बीकेसी स्टेशन आहे, नाहीतर वांद्रे पूर्वेहून शेअर रिक्षा. आत सुनावणीला बसता येईलच असं नाही, कारण ही प्रकरणं बऱ्याचदा बंद दाराआड चालतात. पण बाहेर बाकावर बसून पाहा. पुकारा झाल्यावर कोणता वकील हजर असतो, कोणाचा अशील एकटाच धावत आत जातो आणि फोन कानाला लावून बाहेर येतो, हे दोन तासांत दिसतं. शेजारी बसलेल्या बायकांना विचारा. त्या खरं सांगतात, कधीकधी गरजेपेक्षा जास्त.

मोबाइलवरच्या 'मुंबईतले टॉप टेन' याद्या बाजूला ठेवा. वकिलाने जाहिरात करून काम मिळवायला बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम ३६ प्रमाणे मनाई आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची कामं मिळवून देणाऱ्या वेबसाइटवर कडक शब्दांत निकाल दिला आणि बार कौन्सिलनेही त्यानंतर कारवाईची पत्रं काढली. वकिलाकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आहे का हे पाहायचं असेल तर सनद क्रमांक मागा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तो पडताळता येतो. सनद विचारली म्हणून रागावणारा वकील मी तरी पाहिलेला नाही. रागावलाच तर निर्णय सोपा होतो.

कुटुंब न्यायालयाची एक गंमत तुम्हाला कुणी सांगितली नसेल. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे इथे वकील लावणं हा पक्षकाराचा हक्कच नाही, कोर्टाची परवानगी लागते. परवानगीचा अर्ज वकीलपत्राबरोबरच (वकिलाला आपल्या वतीने नेमल्याचा कागद) दिला जातो आणि प्रत्यक्षात ती मिळतेही. पण कायद्याचा रोख बघा: न्यायाधीशांना माणसाशी थेट बोलायचं आहे, आणि आधी समेट होतो का ते पाहायचं आहे. म्हणून समुपदेशकांपुढे बहिणीलाच बसावं लागेल. 'तुम्ही यायची गरज नाही, मी सांभाळतो' म्हणणारा वकील दुसऱ्या कुठल्या तरी कोर्टाची सवय इथे घेऊन आलाय. आणि पहिल्याच भेटीत 'आधी पोलिसांत टाका, सगळे गुडघ्यावर येतात' म्हणणाऱ्यापासूनही जपून. मारहाण झाली असेल तर आजच पोलिसांत जा, वकिलाची वाटही पाहू नका. झाली नसेल तर खोटी तक्रार पुढे उलटतपासणीत तिच्याच अंगावर येते.

फीबद्दल लोक चाचरत बोलतात, म्हणून इथे जरा थांबते. दीड लाख जास्त की कमी, हे मी सांगू शकत नाही, कारण ते कशाचे हे तुम्ही लिहिलेलं नाही. दावा लिहिण्याचे? अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या पोटगीपर्यंतचे? निकालापर्यंतचे? भांडणाचा दावा वर्षानुवर्षं चालू शकतो. एकरकमी फी घेतलेल्या वकिलाला तिसऱ्या वर्षी तुमच्या तारखेचा उत्साह राहत नाही, हे मी आमच्याच वकिलांच्या जातीबद्दल सांगते. दर तारखेचे पैसे ठरवले तर तारखा वाढण्यात त्याचा तोटा नसतो. मला टप्प्यांची पद्धत बरी वाटते: दावा आणि अंतरिम अर्ज लिहिण्याचे इतके, अंतरिम पोटगीच्या आदेशापर्यंत इतके, पुरावा आणि उलटतपासणीचे इतके, शेवटच्या युक्तिवादाचे इतके. मध्येच संमतीने मिटलं तर काय, हेही तेव्हाच ठरवा. टायपिंग, नोटरी, नकला हा खर्च फीत धरलाय की वेगळा, तेही विचारा. सगळं कागदावर, निदान एका मेसेजमध्ये लिहून घ्या, आणि पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या. रोख दिले तर पावती घ्या.

'पोटगी मिळाली की दहा टक्के द्या' असं कुणी म्हणालं तर उठून या. निकालावर किंवा मिळालेल्या रकमेवर फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. शिवाय अशा वकिलाला तुमच्या बहिणीला मासिक पोटगी मिळण्यापेक्षा एकरकमी मोठा आकडा हवासा वाटेल. तिला आणि मुलाला काय परवडतं हा हिशेब मग वेगळाच.

पैसेच नसतील, किंवा माहेरच्यांवर भार नको असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि तिचं उत्पन्न किती आहे हे पाहिलं जात नाही. तुमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. मोफत म्हणजे कच्चा, असं मनात आणू नका. प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे लोक आहेत. त्यांनी तुमच्याकडून वेगळे पैसे मागायचे नसतात. मागितले किंवा तारखेला आले नाहीत, तर प्राधिकरणाला लेखी कळवून वकील बदलून मागता येतो.

वकीलपत्रावर सही करण्याआधी एक चाचणी घ्या. विचारा: 'उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र कसं भरायचं?' रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगी मागणाऱ्यानेही आणि देणाऱ्यानेही आपला पगार, बँक खाती, कर्जं, दागिने, खर्च हे सगळं ठरलेल्या नमुन्यात शपथेवर द्यावं लागतं. चांगला वकील बहिणीकडे बँकेचं स्टेटमेंट, मुलाच्या शाळेच्या पावत्या, घरखर्चाचा हिशेब मागेल आणि त्यासाठी दोन-तीन बैठका बसेल. वाईट वकील म्हणेल, 'उत्पन्न शून्य लिहा, कोण बघतंय.' समोरचा वकील बघतो. शिकवणीचे, शिवणकामाचे, कशाचेही यूपीआयवर आलेले पैसे उलटतपासणीत एकेक करून पुढे येतात, आणि तिच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. खोटं प्रतिज्ञापत्र दिलं म्हणून वेगळी कारवाई होऊ शकते ती वेगळीच.

काम सुरू झाल्यावर वकील नीट चालवतोय का, हे रोजनाम्यावरून कळतं. प्रत्येक तारखेला काय झालं याची ती कोर्टातली नोंद. मागे एक बाई फाइल घेऊन आल्या. तीन वर्षं झाली, 'कोर्ट नुसत्या तारखा देतं' म्हणत होत्या. मी रोजनाम्याच्या नकला काढल्या आणि त्यांना शेजारी बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. 'अर्जदार हजर. वकील गैरहजर. मुदतीचा अर्ज मंजूर.' पुढच्या तारखेला: 'अर्जदार हजर. वकिलांतर्फे मुदत.' मग पुन्हा तेच. कोर्टाने मुदत दिली होती, पण मागितली होती त्यांच्याच वकिलाने. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'दर वेळी मी हजर होते, हे तरी लिहिलंय.'

तेव्हा तारीख झाली की दर दोन-तीन महिन्यांनी रोजनामा मागा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. तो नंबर दावा दाखल झाल्याच्या आठवड्यात मागून घ्या. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवा, सही-शिक्क्यासकट.

वकील बदलायची वेळ आली तर घाबरू नका. आधीच्याकडून ना-हरकत घ्यायची पद्धत आहे, सहसा मिळते. 'फी बाकी आहे, फाइल देणार नाही' हे मात्र चालत नाही. आर. डी. सक्सेना या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलंय की फीसाठी अशिलाचे कागद अडवून ठेवायचा वकिलाला हक्क नाही. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे होते. ग्राहक मंचात जाऊ नका. वकिलांची सेवा त्या कायद्याखाली येत नाही, असा निकाल मे २०२४ मध्ये लागलाय.

पुढे संमतीने करायचं ठरलं तर दोघांचा मिळून एकच वकील करायचा मोह होतो, खर्च वाचतो म्हणून. दोघं बरोबरीने बोलू शकत असतील तर ठीक. बहिणीच्या घरी पैशाचा व्यवहार इतकी वर्षं नवऱ्याच्या हातात होता, असं तुम्ही लिहिता. मग अटींचा मसुदा तरी बहिणीच्या स्वतःच्या वकिलाने वाचावा. रक्कम कोणत्या तारखेला, शाळेची फी वाढली तर कोण भरणार, सुट्टीत मुलगा कुठे आणि किती दिवस, नवरा त्याला नाशिकला नेणार की इथे येऊन भेटणार. 'योग्य वेळी भेटू द्यावे' असं लिहिलेलं वाक्य पुढची पाच वर्षं भांडत राहतं.

हे सगळं हिंदू विवाह कायदा धरून लिहिलं. लग्न रजिस्टर पद्धतीचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागेल. पारशी, ख्रिश्चन, मुस्लिम जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि वकील निवडताना तो त्या कायद्याखाली काम करतो का हे वेगळं विचारावं लागतं.

आता पुढच्या आठवड्याचं. तीन नावं घ्या, तिघांकडे बहिणीलाच पाठवा, तुम्ही बाहेर बसा. सल्ल्याचे पैसे मागितले तर द्या. फुकटच्या सल्ल्यात वकील घाईत असतो. मुलाला घेऊन जाऊ नका, तो बोलतो कमी पण ऐकतो सगळं. लग्नाची नोंद किंवा पत्रिका, दोघांची आधार कार्डं, नवऱ्याच्या पगाराचा जो काही कागद हाती असेल तो, मुलाच्या शाळेचे कागद एका पिशवीत घाला. बहिणीचा जुना फोन विकू नका आणि फॉरमॅट करू नका. त्यातले मेसेज आणि रेकॉर्डिंग पुराव्यात द्यायचे तर मूळ फोन किंवा ते खरे असल्याचं प्रमाणपत्र लागू शकतं. आणि आज रात्री लग्नाचा अल्बम काढून तिच्याबरोबर बसा. कोणता दागिना कुणी दिला, किती तोळ्याचा, सध्या कुठे आहे, याची यादी तिच्याच अक्षरात करून घ्या. नाशिकच्या कपाटात राहिलेल्या पाटल्या फोटोत तिच्या हातात दिसत असतील, तर त्या फोटोच्या मागे तारीख लिहून ठेवा.